म्हापशाहून आलेल्या दोन डब्या

डबी बंद केली तरी टेपवरचा भाईचा आवाज हलतच राहिला, तेव्हा विश्रामने टेप थांबवली.

वायरीत काहीतरी गडबड असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मालवणच्या खाऱ्या हवेत वायरीला कधी कसला आजार जडेल ते सांगता येत नाही. त्याने प्लग काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा बसवला आणि टेप मागे घेतली. आवाज पुन्हा तसाच हलला.

विश्रामचा स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेतल्या सुंभाच्या गोदामावरची एक खोली. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, आणि रेकॉर्डिंग चालू असलं की खिडक्याही बंद आणि पंखाही बंद. गाणारा घामाने निथळत बाहेर यायचा आणि तरीही स्टुडिओचं कौतुक करून जायचा. कोणी हसलं तर खुशाल हसावं, पण कुडाळ-कणकवलीकडचे भजनीबुवा कॅसेट करायला इथेच येत, कारण विश्रामचा कान तयार आहे अशी ख्याती होती. ती पसरवण्यात विश्रामचा स्वतःचाही हात होता म्हणा.

दिवाळी झाली आणि म्हापशाच्या एका हॉटेलात गिटार वाजवणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्याला दोन डब्या दिल्या. रविवारपर्यंत दोन्ही वापरून बघायच्या, पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी परत करायची. एक निळी, एक करडी. काम दोघींचं एकच. गळ्यातून आलेल्या आवाजाची डबी एक नक्कल काढते, ती नक्कल किंचित मागे ठेवून हळूहळू हलवते आणि मूळ आवाजात मिसळून देते. मग एकाच गळ्यातून दोन माणसं गात असल्यासारखं वाटतं, आवाज भरतो, त्याला ऊब येते. कोरस म्हणतात त्याला. मुंबईत आता डिजिटल यंत्रं आली होती आणि विश्राम ती ऐकूनही आला होता, पण ती त्याला सकाळच्या स्टीलच्या पेल्यासारखी गार लागली. त्याला जुन्या धाटणीचीच डबी हवी होती. तिच्यात थोडी खरखर असते, पण आवाज माणसाचा राहतो.

खरं तर डबीचा हट्ट भाईचा. भाई म्हणजे विश्रामचा थोरला भाऊ, घरात भाई आणि बाहेर हरिश्चंद्रबुवा. डबलबारीत त्यांचं नाव मोठं. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने भजन म्हणतात, एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात आणि कोण कोणाला गप्प बसवतो ते बघायला तीन गावची माणसं लोटतात. अशा बारीत आवाज फुटला तर कोणाला वाईट वाटत नाही, उलट मान मिळतो. बारी संपली आणि बुवाचा घसा साफ असला, तर बुवाने अंग चोरलं असं लोक म्हणतात. त्यामुळे यंदा भाईचा आवाज घोगरा झाला तेव्हा सगळ्या पंचक्रोशीने त्याची पाठ थोपटली, आणि विश्रामनेही थोपटली. गणपतीतल्या कॅसेटवर आवाज फारच घासलेला आला, तेव्हा भाईच म्हणाला, "विश्राम, माका आवाजाक गोडी आणणारा कायतरी घेऊन ये. गोव्याक असता म्हणतत."

आणि आता, शनिवारी दुपारी, सगळा बाजार जेवून आडवा झालेला असताना, विश्राम दोन डब्या पुढ्यात घेऊन बसला होता. भाई काल येऊन गाऊन गेला होता. गाणं कोरंच टेपवर घेतलं होतं, म्हणजे तेच गाणं दोन्ही डब्यांतून फिरवून बघता येईल. निळीतून ते इतकं गोड आलं की विश्रामने मान डोलावली. करडी जरा लाजरी होती, हळू हलायची, पण खालच्या पट्टीत जास्त उबदार. मग मुळात काय होतं ते आठवावं म्हणून त्याने डबी बंद केली. गाणं कोरं असायला हवं होतं, पण एकेक सूर टेकताना थरथरत होता आणि थरथरीच्या आत काहीतरी चिरलेलं वाजत होतं.

त्याने डबी पार उचलून बाजूला ठेवली आणि टेप सरळ मिक्सरला जोडली. तरीही फरक पडला नाही. मग त्याला टेपरेकॉर्डरचा संशय आला. पट्टा सैल झाला की यंत्र डगमगतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने हार्मोनियमचा एक सूर दाबून धरला, रेकॉर्ड केला आणि परत लावला. सूर सरळ आला. विश्रामला यंत्र बिघडलेलं इतकं हवं होतं की त्याने तो सूर पुन्हा पुन्हा लावला.

मग त्याने कपाटातून जुनी टेप काढली. दोन वर्षांपूर्वीचा भाई खणखणीत होता. शिमग्याच्या टेपेत आवाज जरा बसलेला होता. गणपतीच्या मूळ टेपेत तीच थरथर होती, स्पष्ट, लहान मुलालाही ऐकू यावी इतकी. आणि ती टेप विश्रामनेच या दोन हातांनी सजवली होती. वरचे सूर कापले, खालचे फुगवले, थोडा घुमारा टाकला आणि स्वतःवर खूश होऊन कॅसेट बाजारात धाडली. तयार कान म्हणे. 

आणि हा गळा तर त्याच्या ओळखीचा होता. अप्पा, त्यांचे वडील, तेही बुवाच. त्यांचा आवाजही असाच एका हंगामात घोगरा झाला होता आणि लोकांनी असंच कौतुक केलं होतं. पुढे भाकरी गिळेना, मग पेज गिळेना. कोणी म्हणालं समोरच्या बुवाने करणी केली, त्यात महिने गेले. शेवटी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. गळा कापून वाचवायचा प्रयत्न झाला. अप्पा घरी आले ते मुके, आणि खाटेवर पडून हाताने ताल धरत गेले. त्या काळी घरात टेप कुठली, त्यांचा आवाज कुठेच राहिला नाही.

जिन्यावर भाईच्या चपला वाजल्या तेव्हा विश्राम दचकला. कसं सांगायचं ते त्याने अजून ठरवलं नव्हतं. भाई आत आला, तोंडातलं पान एका गालात सरकवलं, खिडकी सताड उघडली आणि हेडफोन कानाला लावून बसला.

"लाव बघूया," तो म्हणाला.

विश्रामने निळी लावली, मग करडी लावली. भाईचा चेहरा खुलला. मग विश्रामने धीर करून डबी बंद केली आणि त्याच्याकडे बघत राहिला. भाई चमकेल, काय झालं म्हणून विचारेल, असं त्याला वाटलं होतं. भाईने फक्त डोळे मिटले.

"ता माका आयकवू नको," भाई म्हणाला. "माका ठावक आसा."

"काय ठावक आसा?"

"चवथीपासून गिळताना टोचता. सकाळी थुकलंय तर रगात पडता." भाई हे इतक्या साधेपणाने बोलला की विश्रामला क्षणभर अर्थच लागेना. "आनंदीक, तुझ्या वयनीक, सांगूक नाय. तू पण सांगू नको."

"मगे ही डबी..."

"डबी बारयेत घेऊन बसतलंय. माइकाच्या मधी जोडूक येता मा? होळयेपर्यंत माका गावक होया. येवढो एक हंगाम. तू फकत सांग, दोघांतली खंयची जास्त झाकता?"

 इतके दिवस विश्राम ऊब शोधत होता आणि भाई पांघरूण शोधत होता. विश्रामला राग आला, भाईचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"झाकूचा नाय," तो म्हणाला. "सोमवारी मिरजेक जावया."

"मिरजेक जावन काय करूचा? अप्पांका नेला, काय झाला? गळो कापलो आणि मुको करून धाडलो. मी तसो जगाचंय नाय. तुका डबी देवची नसात तर सांग. मी कुडाळात दुसऱ्याकडे जातंय."

"अप्पांका उशिरा नेला, भाई."

"माका पण उशीरच झालो आसतलो."

"ता तुका काय म्हायत? तू डॉक्टर?" विश्रामचा आवाज चढला. भाईपुढे त्याचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. त्याने झटक्यात हेडफोनचा प्लग खेचला आणि कोरी टेप मोठ्या स्पीकरवर सोडली. "आयक. नीट आयक काय चल्लासा ता."

खोली त्या आवाजाने भरली. भाईने बंद कर म्हणून हात केला, पण विश्रामने केलं नाही. चिरलेला, थरथरता सूर उघड्या खिडकीतून खाली बाजारात उतरला. गोदामाच्या पायरीवर कृष्णाबाई सकाळची उरलेली मासळी घेऊन बसायची, म्हातारी, अप्पांच्या वयाची. तिने मान वर केली.

"विश्राम," तिने खालून हाक मारली, "अप्पांची टेप खंय गावली रे तुका?"

विश्रामने भाईकडे बघितलं. टेप फिरतच होती. भाई उठला, खिडकीपाशी गेला. विश्रामला त्याची पाठ दिसत होती.

"बुवा, तू पण हयसर आसस?" कृष्णाबाई म्हणाली. "किती वर्सांनी आयकलंय. शेवटाक शेवटाक असोच झालो हुतो त्यांचो गळो. बिचारे लय गायले."

"व्हय गो," भाई म्हणाला.

खाली कृष्णाबाईने अप्पांच्या आठवणीने हात जोडले. भाई खिडकीतून मागे सरला, भिंतीच्या गादीला टेकून खाली बसला. मग तो म्हणाला, "विश्राम, माका भय वाटता रे."

भाई पुरात खाडी पोहून आलेला माणूस. लहानपणी विजा कडाडल्या की विश्राम त्याच्याच कुशीत शिरायचा.  हे त्याच्या तोंडून ऐकून विश्राम त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"माका पण वाटता," तो म्हणाला. "तरी जावया. मी तुझ्या वांगडा आसंय."

 टेप संपून रीळ नुसतंच फिरत होतं. शेवटी भाईने पान थुंकलं, चूळ भरली आणि माइककडे बोट केलं.

"ह्यो डब्यो दोनय धाड म्हापशाक परत," तो म्हणाला. "आनी नवी टेप लाव. कोरा घे. कायएक घालू नको. थय मिरजेक काय जायत कोणाक ठावक. अप्पांचो आवाज नाय रवलो, माझो तरी रवांदे."

विश्रामने खिडकी लावली आणि पंखा बंद केला. नवी टेप चढवताना रीळ दोनदा सुटलं. भाईने मांडी घातली, डोळे मिटले आणि आपलाच एक जुना गजर धरला. आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा उठला, पडला, पुन्हा उठला. प्रत्येक ओळीनंतर भाई श्वास घ्यायला थांबे, काटा तळाला जाई आणि विश्राम तो पुन्हा उठेपर्यंत श्वास रोखून धरी. तिसऱ्या कडव्यात भाई मधेच थांबला. त्याचा हात गळ्याकडे गेला. काटा खाली पडला तो पडलाच. भाई पुन्हा सूर धरेल म्हणून विश्राम काट्याकडे बघत राहिला आणि त्याने टेप बंद केली नाही.