तिरप्या अक्षरांचं बटण कुणी नेलं?

मी एक टूलबार. संगणकावर लिहायला बसलात की कागदाच्या डोक्यावर, अंगभर बटणं घेऊन आडवा पडलेला असतो तोच. सांगतोय ते खरं आहे असं मला वाटतं; खात्री मात्र मला फारशी कशाचीच नाही. मला माणसं दिसत नाहीत, फक्त माउसचा बाण दिसतो. आवाज ऐकू येतात. बाकी सगळा तर्क.

जन्मलो तेव्हा मी इतर लाखो टूलबारांसारखाच होतो. हॅन्कॉक नावाच्या खाणगावातल्या या घरात आलो आणि वेगळा झालो. माझे मालक रेइनो कांगस, निवृत्त प्राध्यापक. तांब्याच्या खाणींसाठी फिनलंडहून आलेल्या आपल्या लोकांची बोली विरत चालली, म्हणून तिच्यावर ते पुस्तक लिहीत होते. सकाळी ते स्वतः लिहायचे. दुपारी त्यांची थोरली बहीण आइली, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी, जुनी टिपणं टाइप करून द्यायची.

मला सजवलं आइलींनीच. नको ती बटणं त्यांनी बाहेर टाकली, हवी ती ओढून आणली. तिरप्या अक्षरांचं बटण अगदी डाव्या टोकाला बसवलं, कारण प्रत्येक फिनिश शब्द रेइनोंना तिरपा लागायचा.

एके सकाळी ते बटण नाहीसं झालं.

आइलींनी परत बसवलं. पुन्हा गेलं. पुन्हा बसवलं.

"इतक्या पटकन कसं जमतं गं तुला?" रेइनोंनी विचारलं.

"माझ्यावर उजवी टिचकी मार म्हणतो तो बिचारा टूलबार. मग यादी उघडते, त्यातून ओढून आणायचं."

"म्हणजे काढायलाही जमत असेल."

"रेइनो, तुझी बटणं चोरून मी काय करू? माशाच्या सूपमध्ये घालू?"

त्या हसल्या. रेइनो हसले नाहीत. मीही नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं. आइलींचा बाण सरळ येतो, काम करतो, जातो. रेइनोंचा थरथरत येतो. आणि बटण ओढून नेणारा बाण थरथरत होता. पण आइली मुद्दाम हात थरथरवत नसतील कशावरून? भावाचा हात त्या रोज पाहतात. एकदा संशय घ्यायचा ठरवला की पुरावा उलटाही वाचता येतो, हे मी याच घरात शिकलो.

रेइनोंनी संगणकाला पासवर्ड लावला. आता आइलींना दुपारी त्यांना विचारूनच बसावं लागे. बटण तरीही गेलं.

"पासवर्ड कुठून मिळवलास?"

"कसला मिळवला? तूच उघडून देतोस ना?"

"मी म्हातारा झालो, पुस्तक मला झेपत नाही, घर विकून टाकावं, असं ठरलंय तुम्हा मायलेकींचं. बटण हे निमित्त!"

थोड्या वेळानं आइली फोनवर लेकीशी बोलताना ऐकू आल्या. "सिल्विया, शनिवारी गाडी घेऊन ये. हो, दुलुथलाच, तुझ्याकडे. सामान आहे. सगळंच."

शनिवारी सकाळी त्यांनी बटण शेवटचं बसवलं.

"आता माझ्यासमोर लिही," त्या म्हणाल्या. "मी मागे उभी राहते. हात कोटाच्या खिशात. हे बघ, घातले."

"काय लिहू?"

"बाबा लिही. आपल्या भाषेत."

त्या शब्दाच्या शेवटी दोन ठिपक्यांचा 'अ' येतो. तो कीबोर्डवर नाही. डाव्या अंगठ्यानं ऑल्ट दाबून धरायची, उजव्या हातानं आकडे दाबायचे, मग अंगठा उचलायचा. आइली ठिपक्यांच्या वाटेला जायच्याच नाहीत. "ठिपके तू दे" म्हणायच्या. रेइनोंनी ठिपके दिले, शब्द निवडला, आणि अंगठा सवयीनं पुन्हा ऑल्टवर जाऊन बसला असावा. कारण ऑल्ट दाबली गेली आणि मी ढिला पडलो. आम्ही टूलबार तसेच. ऑल्ट दाबलेली असली की कुठलंही बटण बाणाला चिकटून निघतं. थरथरता बाण आला, बटण दाबून खाली घसरला. बटण कागदावर पडलं आणि गेलं.

"रेइनो, डावा अंगठा बघ."

"तू माउसला काहीतरी केलंयस." पण आवाजात दम नव्हता.

"माझे हात खिशात आहेत."

ऑल्ट सुटली. मग रेइनो म्हणाले, "बरं झालं, तुझ्या नावात ठिपके नाहीत."

"असते तर मलाही ओढून बाहेर टाकलं असतंस."

"टाकलंच होतं," रेइनो म्हणाले. "राहा, आइली."

सिल्विया आली, सामान कुठंय म्हणाली. "सामान नाही. कॉफी पी, पुल्ला पाव गरम आहे," असं उत्तर मिळालं. ती एकटीच परत गेली.

आता पुस्तक संपत आलंय. नव्या संगणकात माझ्यासारखा टूलबार नसतो, असं सिल्विया जाताना म्हणाली. ती हे मुद्दाम माझ्यासमोर का म्हणाली, याचा मी अजून विचार करतोय. तुमच्याकडे माझं कुणी भावंड असेल आणि त्याचं बटण हरवलं, तर घरातल्या कुणाचं नाव घेण्याआधी स्वतःच्या हातांकडे एकदा बघा. एवढंच मागणं.

रेइनोंचा बाण थरथरत माझ्याकडे निघाला की स्वयंपाकघरातून हाक येते, "हात वर?"

"वर!" रेइनो ओरडतात.

अंगठा खरंच वर असतो का, मला दिसत नाही. बटण मात्र जागेवर आहे, आणि हाक रोज येते.