न भरलेलं सिमेंट

बाह्यरुग्ण विभागातले सगळे बाक भरले होते आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती. कुणी पाठीला हात लावून उभं, कुणी मुलाच्या खांद्यावर भार टाकून. ठिसूळ हाडांमुळे मणका पिचलेली ही म्हातारी माणसं सर्जनसाहेबांची वाट बघत होती. साहेब सुईनं मणक्यात सिमेंट भरतात आणि माणूस चालू लागतो, अशी ख्याती.

"आडवे या, उभे जा," साहेब येता येता म्हणाले. हे ते रोज म्हणत, आणि रोज आत्ताच सुचल्यासारखं.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला ते ऐकवत नसे. गेल्या वर्षी एका शिंपीकाकांचं सिमेंट मणक्यातून झिरपून नसेवर बसलं, मशीन चालवणारा पाय कायमचा लुळा पडला. "हजारात एखादं व्हायचंच," म्हणून साहेबांनी हात झटकले होते.

मग संशोधन समितीनं चाचणी मांडली. निम्म्या रुग्णांना सिमेंट, निम्म्यांना नुसतं सोंग. कुणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार. रुग्णांनी समजून-उमजून सह्या केल्या. साहेब हसले. "सोंगानं कुणी उठतं का? होऊन जाऊ द्या."

सोंगाची तयारी सिस्टरकडे होती. पाठ बधिर करायची, बोटानं दाबायचं, सिमेंटची बाटली उघडून उग्र वास पसरवायचा. "आता भरतोय हं," साहेब म्हणत. भरत काहीच नसत.

महिन्याभरानं एक निवृत्त मुख्याध्यापिका काठीशिवाय आल्या. "कण्यात पोलाद भरल्यासारखं वाटतंय. साहेब देवमाणूस आहेत," असं व्हरांड्यात सांगत सुटल्या. त्यांच्या चिठ्ठीवर 'सोंग' लिहिलं होतं. ते ठाऊक असूनही साहेबांनी नम्रपणे मान झुकवून नमस्कार घेतला. सिस्टरला किळस आली.

सहा महिन्यांनी सभागृहात रुग्णांसमोर निकाल वाचला गेला. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच उतरलं होतं.

"मग माझ्या पाठीत काय भरलंय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"काही नाही, बाई," सिस्टर म्हणाली. "पिचलेलं हाड बहुतेकदा आपलं आपण जुळून येतं. माणूस इथं येतो तेव्हा दुखणं शिगेला पोचलेलं असतं, तिथून ते उतरतंच. बाकी काम त्या वासानं आणि बोलण्यानं केलं."

"बऱ्या झालात ना?" साहेब चिडून म्हणाले. "मग खोलात कशाला शिरायचं?"

"सोंगानं कुणाचा पाय गेला नाही, साहेब."

मुख्याध्यापिका उठल्या. "चौथीतल्या पोरांनासुद्धा मी ताळा केल्याशिवाय गणित सोडू देत नव्हते. तुम्ही इतक्या पाठी टोचल्यात, एकदाही ताळा करावासा वाटला नाही?"

साहेब घड्याळ बघू लागले.

न पडताळता छातीठोक बोलतो तो बुवाच, मग भिंतीवर त्याच्या पदव्या का टांगलेल्या असेनात. बरं वाटलं म्हणजे त्याच्याच उपचारानं वाटलं, असं नसतं. सुईखाली पाठ देण्याआधी पुरावा मागावा. मागायला लाजू नये.