सातव्या टप्प्यातला वारा

सरकारने एकदाची मूठ उघडली आणि सीमाचौकीवर सामानाचे ट्रक येऊ लागले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद नोंदबाईंना झाला. बावीस वर्षं त्या चौकीच्या नोंदी ठेवत होत्या, म्हणून नोंदबाई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखात होतं. या बावीस वर्षांत चौकीला दुर्बीण एकच, आणि तिच्याही एका भिंगाला बुरशी चढलेली. जवान तिला एकबीण म्हणत. जीप ढकलल्याशिवाय चालू होत नसे. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, हा अर्ज तर बाईंनी इतक्यांदा लिहिला होता की तो त्यांना तोंडपाठ झाला होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत झाली. चाळीस कॅमेरे आले, उंच दिव्यांचे खांब आले, तीन नव्या गाड्या आल्या, पक्का रस्ता झाला आणि ज्याच्या दाराला आतून कडी लागते असं स्वच्छतागृहही झालं.

काही जुने जवान उसासे टाकत, की पूर्वीची मजा गेली. बाईंना असले उसासे मंजूर नव्हते. जुन्या दिवसांची आठवण त्यालाच येते ज्याने ती जीप ढकलली नाही, असं त्या तोंडावर सांगत. त्यांना ही यंत्रणा हवी होती. आणि खरं सांगायचं तर यंत्रणेसमोरची खुर्चीही हवी होती. नव्या नियंत्रण कक्षाच्या प्रमुख म्हणून त्यांच्या नेमणुकीचा कागद तयार होता. यंत्रणा चौकीच्या ताब्यात आली की त्याच दिवशी तो हातात पडणार होता. नवरा शिंपी, चौकीचे गणवेश तोच शिवायचा. त्याने दोन दिवस आधीच नवी पट्टी बायकोच्या शर्टाच्या खांद्यावर शिवून, इस्त्री करून ठेवली होती.

चौकीच्या वाट्याला सीमेचे बारा टप्पे येत. जमिनीखाली एक जुनी तार पुरलेली होती. वरून कोणी चाललं की ती थरथरे, चौकीत घंटा वाजे आणि एक पेटी त्या थरथरीची रेघ कागदावर ओढे. जवान जाऊन बघून येत आणि बाई रेघेसमोर कारण लिहीत. छापील वहीत कारणाचे रकाने तीनच: माणूस, जनावर, वारा. बाईंचं अक्षर मोत्यासारखं, आणि खाडाखोड शोधून सापडायची नाही. दोन वर्षांपूर्वी राजधानीतली माणसं सगळ्या वह्या आणि रेघांचे कागद घेऊन गेली, तेव्हा बाईंना वाटलं, दप्तरात ठेवायला नेत असतील.

ताबा घ्यायच्या दिवशी सकाळी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर चहाचा पेला घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बोलघेवडा गृहस्थ. तो म्हणाला, की जमिनीखालच्या नव्या तारांनी उठवल्याशिवाय कॅमेरे मान वळवत नाहीत. आणि कशासाठी उठवायचं, कशासाठी नाही, हे तारांना बाईंच्या वह्यांवरून शिकवलंय. या यंत्रणेच्या गुरू तुम्हीच, असंही तो म्हणाला. बाई फुलल्या. कोणीही फुललं असतं. मग त्याने पडद्यावर नकाशा काढला. जिथे उगाच वारा घंटा वाजवतो तिथे यंत्रणा गप्प बसायला शिकली होती, आणि सगळ्यात गप्प होता सातवा टप्पा. तुमच्याकडे सातव्यात वारा भलताच सुटतो बुवा, असं तो कौतुकाने म्हणाला.

बाई नकाशाजवळ सरकल्या. सातवा टप्पा खोलगटात होता, दोन टेकड्यांच्या मध्ये. तिथे पान हलत नसे. जवान विडी पेटवायला मुद्दाम तिथे जात, कारण काडी विझत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई पोटुशी असताना डोंगर खचून खालचा रस्ता बंद झाला होता. कळा दोन आठवडे आधीच सुरू झाल्या. दवाखाना लांब आणि जीप ही अशी. सीमेपलीकडच्या वस्तीत एक सुईण होती. ती भरदिवसा सातव्या टप्प्यातून आली, बाईंना मोकळं केलं, पोरीला आंघोळ घातली आणि आल्या वाटेने गेली. तिच्या येण्याजाण्याने चौकीत घंटा दोनदा वाजली, आणि दोन्ही रेघांसमोरची जागा कोरी राहिली. तिसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या, वही मागवली आणि दोन्हीकडे लिहिलं, वारा. पुढे अलीकडच्या वस्तीतल्या बायाही अडल्या की सुईण येई, आणि चौकीत नुसतं म्हणत, वारा आला. खाली दवाखाना झाला तेव्हा तिचं येणं थांबलं. आता तर ती हयातही नव्हती.

बाईंनी इंजिनिअरला पडद्यासमोरच बसायला सांगितलं, खांद्याला वायरलेस लावला आणि एकट्याच सातव्या टप्प्यात गेल्या. खोलगटातून सुईणीच्या वाटेने हळूहळू पलीकडच्या खुणेपर्यंत चालत जाऊन त्यांनी विचारलं, "आता काही दिसतंय का?"

"काही नाही, बाई," इंजिनिअर म्हणाला. "वारा आहे."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माणूस वहीतच लिहिला नव्हता, तो यंत्रणेला कुठून कळावा? बाई तिथल्या दगडावर बसल्या. त्यांना भीती वाटली, आणि खुर्ची गेली याचं वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. देशाने एवढं सगळं ओतलं होतं, आणि त्यात माणूस जाईल एवढं भोक त्यांनी स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात पाडून ठेवलं होतं. सुईण आता येणार नव्हती. पण यापुढे इथून जो येईल तो कोणाचं बाळंतपण करायला येईल, याची खात्री कोण देणार?

परत आल्यावर त्या चौकीप्रमुखांकडे गेल्या. हे साहेब त्या बाळंतपणाच्या वेळी साधे जवान होते, आणि निवृत्तीला आता आठ महिने उरले होते. त्यांनी सगळं ऐकून दार लावून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ते म्हणाले. आज सही करू, ताबा घेऊ, सातव्याचं मागाहून गुपचूप दुरुस्त करून घेऊ. बाईंनी विचारलं, ताबा दिल्यावर कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी निघून जातील, मग दुरुस्त कोण करणार? आणि कुठला वारा खरा, कुठला खोटा, हे लिहून दिल्याशिवाय दुरुस्त होणार तरी कसं? अक्षर माझं आहे, तुमचं नाव निघायचं कारण नाही, एवढं सांगून बाई बाहेर पडल्या.

राजधानीहून आलेल्या तपासणी अधिकारी उंच, काटक आणि कमी बोलणाऱ्या होत्या. चाचणी कुठे घ्यायची हे कागदावर आधीच ठरलेलं: तिसरा, पाचवा आणि दहावा टप्पा. तिन्हीकडे जवान चालले, भोंगा वाजला, कॅमेऱ्यांनी माना वळवल्या, पडद्यावर जवानाच्या मिशा दिसल्या. टाळ्या झाल्या. ताबापत्र टेबलावर आलं आणि सह्या होत होत शेवटी बाईंपुढे सरकलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलंच नाही.

"मॅडम, एकदा सातव्यात माणूस चालवून बघा," त्या म्हणाल्या.

सातवा चाचणीच्या यादीत नाही, असं इंजिनिअर म्हणाला. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि जवानाला पाठवलं. पडदा गप्प. जवान खोलगटाच्या मधोमध उभा राहून, सुटलेली बस थांबवावी तसे दोन्ही हात हलवत होता, हे टेकडीवरच्या शिपायाने दुर्बिणीतून बघून कळवलं. भोंगा वाजला नाही.

मग बाईंनी सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं, आवाज न कापता, आधी आपलं बाळंतपण आणि मग बाकीची. अशा नोंदी तीनशेच्या वर आहेत आणि त्यातली एकूणएक मला आठवते, हेही सांगितलं.

"सुईण आत येत होती हे माहीत होतं, तर वारा का लिहिलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"रकाने तीनच होते, मॅडम. माणूस लिहिलं असतं तर तिला धरून नेलं असतं. आणि जनावर लिहायला माझा हात धजला नाही."

हे आणखी कोणाला माहीत होतं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा वहीत अक्षर एकटीचं आहे, असं बाई म्हणाल्या. इतक्यात चौकीप्रमुखांनी घसा खाकरला. पहिल्या वेळी सुईणीला बोलवायला मी गेलो होतो, ते म्हणाले, आणि खाली बसले. आठ महिन्यांचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असणार. पण चेहऱ्यावर तो दिसला नाही.

ताबा घेतला गेला नाही. दोघांवर चौकशी बसली. चौकशी संपेपर्यंत नियंत्रण कक्ष दुसऱ्या चौकीवरून आलेल्या एका बाईंकडे दिला गेला. संध्याकाळी घरी बाईंनी शर्ट नवऱ्यापुढे ठेवला आणि पट्टी उसवून द्या म्हणाल्या. त्याने काही न विचारता पातं घेतलं. अर्धी पट्टी उसवून झाल्यावर म्हणाला, "त्या दिवशी ती आली नसती तर मी आज कोणाचे शर्ट शिवत बसलो असतो?" मुलगी शहरात शिकत होती. तिला फोनवर सांगितलं, तर ती आधी खूप हसली, मग खूप रडली, आणि मग म्हणाली की आई, चौकशीत मला साक्षीला बोलव, पुरावा मीच आहे.

पुढचे अकरा दिवस बाई आणि इंजिनिअर शेजारी शेजारी बसून राजधानीहून परत मागवलेल्या वह्या उलटत होते. बाई बोट ठेवत, माणूस. तो दुरुस्त करी. मध्येच त्याने सुचवलं, की यापुढे इतर असा चौथा रकाना ठेवूया. बाईंनी तो हाणून पाडला. इतर म्हटलं की आळशी माणूस सगळं त्यातच कोंबतो, हे बावीस वर्षांचं ज्ञान त्यांनी फुकट दिलं. चौथा रकाना झाला तो परवानगीने आलेला माणूस असा, आणि अशी परवानगी चौकीप्रमुखाला तिथल्या तिथे देता यावी, ही मागणी बाईंनी चौकशीच्या जबाबातच लिहून दिली. मंजूर होईल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. पण कागद गेला होता.

बाराव्या दिवशी पुन्हा चाचणी. अधिकारी पडद्यासमोर बसल्या, नव्या प्रमुखबाई खुर्चीत. सातव्यात कोण चालणार, असा प्रश्न निघाला. सुईण कशी चालायची, हे मला माहीत आहे, असं म्हणून बाई निघाल्या. खोलगटात उतरल्या. साध्या साडीत, पिशवी हातात धरून, एका पायाने किंचित लंगडत, हळू. दहा पावलंसुद्धा झाली नाहीत, तोच भोंगा असा वाजला की टेकडीवरचे पक्षी उडाले. दोन्ही खांबांवरच्या कॅमेऱ्यांनी माना वळवल्या. वरून एक जवान बंदूक रोखून धावत आला. कालच रुजू झालेला, बाईंना ओळखत नव्हता. हात वर, तो ओरडला.

बाईंनी पिशवी खाली ठेवली, हात वर केले आणि खांद्यावरच्या वायरलेसकडे मान वळवून मोठ्याने सांगितलं, "मॅडम, काम चोख झालंय. आता घ्या ताब्यात."

जवानाला वाटलं, हुकूम त्यालाच आहे. तो पुढे आला आणि त्याने बाईंचा दंड घट्ट धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.