थांबण्याची खूण

ऑरिन टॅकेट ठार बहिरा झालाय, हे स्टुडिओत फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. हिवाळ्यात एका विनोदी चित्रपटासाठी त्याच्या कानाशी तोफ उडवली, दारू जरा जास्त भरली गेली आणि कान गेले ते गेलेच.

तुम्ही म्हणाल, मुक्या चित्रपटात कान कशाला हवेत? अहो, चित्र मुकं असतं, दिग्दर्शक नव्हे! कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला की होइटसाहेब तोंडाला भोंगा लावून शेवटपर्यंत ओरडत: वळ, पळ, आपट! ते ज्याला ऐकू येत नाही त्याला कोण ठेवणार? आणि पंचेचाळिशीच्या ऑरिनला हसवत पडण्याखेरीज दुसरं काहीच येत नव्हतं.

त्याची बायको व्हर्ना चित्रपटांत त्याच्याबरोबर स्वयंपाकिणीच्या भूमिका करी. साहेब ओरडले की ती खूण करी. नाक खाजवलं की वळ, एप्रन फडकवला की उडी. तीन महिने कुणाला पत्ता लागला नव्हता.

त्या दिवशी ऑरिनला एकट्याला काम होतं. लग्नातून पळणारा नवरदेव, रंगवलेलं लाकडी घर, दुसऱ्या मजल्यावरची खिडकी. खाली कुंपणाआड गाद्या.

"तुझं काम नाही आज, व्हर्ना. घरी जा," साहेब म्हणाले.

"राहते ना, साहेब. नवरा आपटलेला बघायला कुठल्या बायकोला आवडत नाही?"

सगळे हसले. ती एप्रन बांधून कॅमेऱ्याला खेटून उभी राहिली.

दांडा फिरू लागला. ऑरिन खिडकीत चढला, उंच टोपी सावरली, मागे नवरी आल्यासारखा वळून घाबरला आणि व्हर्नाकडे डोळे लावून बसला. तेवढ्यात कुंपणाआडून गडी ओरडला, "गाद्या कलंडल्या! थांबवा!"

"ऑरिन, थांब!" साहेब भोंग्यातून गरजले. "उडी मारू नकोस!"

व्हर्नाचे हात उठले आणि तसेच राहिले. थांबण्याची खूण त्यांनी ठरवलीच नव्हती. या धंद्यात दांडा फिरतोय तोवर कुणी थांबत नाही. पाय मोडला तरी लंगडत पळायचं, लोक हसतात. थांबायचं कशाला, असं दोघांनाही वाटलं होतं.

तिने मान हलवली. समोरच्या उन्हाने त्याचे डोळे किलकिले झाले होते, त्याला ते दिसलं नाही. तिचा धीर सुटला. दोन्ही हात हवेत उडवून ती जिवाच्या आकांताने "नको, नको" करू लागली, आणि त्या धडपडीत एप्रन फडफडला.

ऑरिनने उडी मारली.

सगळे धावले. तो मातीत बसला होता. घोटा वाकडा झाला होता, शुद्ध होती. व्हर्नाच्या जिवात जीव आला, तोवर साहेब येऊन उभे राहिले.

"मी थांब म्हणून बोंबललो! हा बहिरा आहे का?"

तिला विचार करायला वेळच नव्हता.

"बहिरा कसला, साहेब! मीच हात करून उडी मार म्हटलं. मला वाटलं, उन्हं उतरतील, दृश्य वाया जाईल. तो तुमच्याआधी माझं ऐकतो, त्याची काय चूक?"

साहेब भडकले. "अगं बाई, मेला असता तो! चालती हो इथून. पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचं नाही. ऑरिनचा पाय बरा झाला की तो येईल. त्याच्यावर माझा राग नाही."

व्हर्ना नवऱ्याजवळ गुडघे टेकून बसली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहत, त्याच्या आता नेहमीच जरा मोठ्या झालेल्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले?"

तिने ओठ सावकाश हलवले. "पडलास छान. पाय बरा झाला की ये म्हणाले."

"आपण दोघं?"

"दोघं," ती म्हणाली.

तो हसला, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.