थिनरचं हसू

मी एक जुना पंखा आहे, पण वारा घालणाऱ्यांपैकी नव्हे. मी आतली हवा बाहेर फेकतो. फर्निचर पॉलिशच्या कारखान्यात भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर माझी जागा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. म्हणून मला मुद्दाम खाली बसवलं. ठिणगी उडू नये म्हणून माझी मोटरही बंदिस्त आहे. नवा होतो तेव्हा मालक पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवायचे. मित्रांनो, एवढा मान कुठल्या पंख्याला मिळतो? लोक माझ्यापुढे अक्षरशः वाकत.

मग पॉलिशमिस्त्री आले. माझ्यामुळे ओल्या पॉलिशवर धूळ बसते, अशी त्यांची तक्रार. त्यांनी मला बंद केलं, पुढ्यात प्लायवूड टेकवलं आणि खिडक्याही लावून घेतल्या.

तेव्हापासून मिस्त्री भलतेच खुशीत असत. स्वतःच विनोद करायचे, स्वतःच हसायचे. शेजारी काम करणारा सुतार म्हणायचा, यांचा हात लागला की कपाटालाही गुदगुल्या होतात.

एका दुपारी त्यांची बायको कारखान्यात आली.

"दिवसभर इथं खिदळता आणि घरी आलात की डोकं धरून बसता," ती म्हणाली. "माझं तोंड बघून दुखतं का?"

आवाज भांडणाचा नव्हता, म्हणून मिस्त्री उगाच फडकं झटकत राहिले.

इथं एवढी काय गंमत आहे ते बघूनच जाईन, म्हणून ती स्टूल ओढून बसली. मिस्त्री थिनर ओतून फडकं मारू लागले. अर्ध्या तासात बाईंना कपाटाच्या मुठीचं हसू आलं. मग बिजागरीचं. दोघंही पोट धरून हसू लागली. ती उठायला गेली आणि भेलकांडली.

भिंत धरून, हसू न आवरता ती म्हणाली, "अहो, मुठीत हसण्यासारखं काय आहे? हे हसू आपलं नाही. आधी दार उघडा."

बाहेर मोकळ्या हवेत हसू विरलं आणि डोकेदुखी उरली. मिस्त्रींची रोजचीच.

"म्हणजे माझं तोंड नव्हतं तर," ती म्हणाली.

"तुझं तोंड बघायला तर घरी येतो," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, ही वाफ डोक्यात जाते, मज्जातंतू आणि यकृत बिघडवते, वेळेवर आलात. थिनरनं हात धुणं बंद झालं. लाकूड घासण्याचं धुळीचं काम अंगणात गेलं. प्लायवूड बाईंनी स्वतः हटवलं. वायरमननं माझी पाती खरवडली, तेव्हा निघालेल्या थरात आणखी एक पंखा झाला असता. समोरची खिडकी उघडली आणि मी पुन्हा गरगरलो. काय सांगू, किती मजा आली!

मिस्त्री हल्ली कामावर गंभीर असतात, अशी सुताराची कुरकुर आहे. बाई परवा सांगत होत्या, घरी मात्र त्यांचे विनोद थांबत नाहीत, आणि एकही धड नसतो. सांगताना त्या हसत होत्या, आणि खिडकी सताड उघडी होती.

मित्रांनो, थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल, रॉकेल यांच्या वासात कोंडून राहू नका. झाकण घट्ट लावा, विस्तव लांब ठेवा, आणि माझ्यासारख्याच्या पुढ्यात काही टेकवू नका. कामावरून निघालेल्या माणसानं स्वतःचं हसू घरी न्यावं, एवढ्यासाठी तर मी फिरतो.