आद्रोआल्दोचं शांत रक्त

पेलोतासच्या दवाखान्याचा जिना जांदिरा चढली तीच भांडायचं ठरवून. मागून धाकटा भाऊ आद्रोआल्दो पाय ओढत येत होता. वर्ष होत आलं, हा माणूस धड अंथरुणातून उठत नव्हता. सकाळी माते या कडू पानांच्या चहाचा तुंबा हातात दिला की तो हातातच गार व्हायचा. आमच्या दक्षिण ब्राझीलमध्ये एकच तुंबा सगळ्यांत फिरतो, तो अडवून बसणं म्हणजे अख्खी पंगत खोळंबवणं, पण त्याला त्याचंही भान राहिलं नव्हतं.

दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. नैराश्याच्या रोग्याचं रक्त घ्यायचं आणि सुजेची जनुकं जागी आहेत की झोपलेली, ते बघायचं. जागी असली तर नेहमीच्या गोळीबरोबर दुसरं जालीम औषध, झोपलेली असली तर नुसती गोळी. आद्रोआल्दोचं रक्त निघालं शांत. नुसती गोळी गिळून तो आणखी खचला. हल्ली तो तासन् तास कालव्याच्या पाण्याकडे बघत बसायचा, आणि जांदिरा हातातलं काम टाकून त्याच्या मागे जाऊन उभी राहायची.

"डॉक्टरीणबाई, तुमचं यंत्र आंधळं आहे का हो?" आत शिरताच ती कडाडली. "माणूस डोळ्यांदेखत संपत चाललाय आणि म्हणे रक्त छान! त्या रक्ताचं काय लोणचं घालू?"

डॉक्टर लेओकाजिया तरुण होती, पण ऐकून घेणारी नव्हती. "ओरडू नका. सुजेची खूण नसताना ते औषध दिलं तर अपायच होईल."

"खूण नाही? रक्त द्यायच्या आधी याचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता! तुमच्यासमोर लंगडत येऊ नये म्हणून आठवडाभर सूज उतरवायच्या कोर्टिझोनच्या गोळ्या चारल्या मी. शर्टाला इस्त्री केली, दाढीसुद्धा मीच केली. आणि सूज नाही म्हणता?"

डॉक्टर एकदम ताठ बसली. "कोर्टिझोन? कुठली औषधं चालू आहेत, असं विचारलं होतं ना आम्ही?"

"ते कुठलं औषध? गुडघ्याची गोळी ती! इथं कोण खात नाही? मला वाटलं, तुम्ही डोक्याचं विचारताय."

"अहो बाई, त्या गोळीनं सुजेची जनुकंच गप्प केली! आम्ही याचा आजार मोजलाच नाही, तुमची गोळी मोजली."

भाऊ चारचौघांत बरा दिसावा म्हणून जांदिरा धडपडली, आणि त्याचा आजारच पुसून बसली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला. पण राग गिळणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मग नीट खोदून विचारायला तोंड दुखत होतं का तुमचं?"

"आणि सांगायला तुमचं?" डॉक्टरनं सुई काढली. "पुन्हा रक्त घेऊ. आता तरी त्या गोळ्या बंद आहेत ना?"

आद्रोआल्दोनं हात मागे घेतला.

"मागच्या खेपेला याच खुर्चीत सांगितलं होतं मी," तो म्हणाला. आवाज चढत होता. "गोळीनं काही होत नाही, मरावंसं वाटतं. ताई, तू म्हणालीस, गप रे, डॉक्टरांसमोर असलं बोलू नये. आणि डॉक्टर, तुम्ही म्हणालात, काळजी नको, रक्त चांगलं आहे."

त्यानं शर्टाची बाही खाली ओढली.

"रक्त नंतर घ्या. आधी मला विचारा."

डॉक्टरनं सुई बाजूला ठेवली आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. जांदिरा काहीतरी सांगायला पुढे झाली.

"तू बाहेर बस!" तो तिच्यावर ओरडला.

जांदिरा बाहेर गेली आणि दार तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं.