बंद पंखा

सुरतेतल्या डिंडोलीच्या चाळीत उषाबाईंच्या खोलीत पाचजणी साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसायच्या. दार लोटलेलं, पंखा बंद. पंखा लावला की टिकल्या उडतात, गम बाटलीच्या तोंडाशीच वाळतो. म्हणून ऐन उन्हाळ्यातही घाम पुशीत बसायचं. गमचा वास डोक्यात चढायचा, पण सवय झाली होती.

रंजनाच्या मयूला मात्र होईना. तान्ही पोर, मांडीशी निजवली की तिची छाती सूं सूं वाजायची. डॉक्टरांनी बजावलं, या वासात ठेवाल तर दमा जडेल. रंजनाने भीतभीत विषय काढला, की माल देणाऱ्या भूपेंद्रभाईंकडे खिडक्यांची जागा मागू या.

उषाबाई कधी कुणावर आवाज चढवत नसत. त्या तोलून बघत. जागा मागितली तर भाई माल पलीकडच्या गल्लीत देणार. वत्सलाचा नवरा लूममध्ये हात गेल्यापासून घरी बसलेला. इंदुबाईचा मुलगा कॉलेजात.

"एका पोरीपायी पाच चुली विझवायच्या का? तूच सांग, रंजना."

वाईट एवढंच, की त्यांचं चुकत नव्हतं. रंजनानेही मान डोलावली. दिवाळी झाल्यावर मयू आजीबरोबर अमळनेरकडे गावी गेली. शेतीची कामं उरकली की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोघींनी सुरतेला यायचं, आजीने पोरीला रंजनाच्या खोलीत सांभाळायचं, असं ठरलं. छाती दाटून यायची तेव्हा रंजना मोरीत बसून दूध पिळून टाकायची, आणि तोंड धुऊन पुन्हा टिकल्या उचलायची.

होळीनंतर उषाबाईंची मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्या खोलीत आता गम चालणार नव्हता. उषाबाईंनी पुन्हा सगळ्यांना बसवलं, पुन्हा तोलून बघितलं.

"तुनी खोली मोकळीच शे ना, माय."

"आखाजीला मयू येणार आहे," रंजना म्हणाली.

"ती येईल तेव्हा येईल. ही तर आजच दारात आहे. तू शहाणी आहेस."

माना डोलल्या. वत्सलाची सगळ्यांत आधी.

दुपारीच साड्यांचे गठ्ठे रंजनाच्या खोलीत आले. मयूची झोळी अडचण होते म्हणून कुणीतरी तिचा बोळा करून खिडकीच्या गजात खोचला. दार लोटलं. गमचा वास भिंतींना लागायला लागला, तशी रंजना उठली आणि तिने पंख्याचं बटण दाबलं.

टिकल्या उडाल्या. भिंतीला, केसांना, इंदुबाईच्या चहात.

"अगं, पंखा!" उषाबाई म्हणाल्या.

"मनी खोलीमा पंखा चालस," रंजना म्हणाली, आणि बटणापाशीच उभी राहिली.

पुढचं उषाबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. वाया गेलेल्या साड्या बघून भूपेंद्रभाईंनी माल पलीकडच्या गल्लीत दिला. वत्सला नळावर तोंड फिरवू लागली. मनीषाच्या बाळाचं बारसं झालं, त्याचं बोलावणं रंजनाला आलं नाही.

आखाजीला मयू आली. रंजनाने हात पुढे केले, तशी पोर आजीच्या गळ्याला घट्ट बिलगली आणि परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

पोर झोपल्यावर रंजनाने तिच्या छातीला कान लावला. काही वाजत नव्हतं.